सोसायटी ऑफ लीगल स्कॉलर्सचे विषय-विभाग कसे चालतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी या संस्थेच्या परिषदेसाठी पेपर (शोधनिबंध) मागवल्याची सूचना निघाली की लॉ कॉलेजातल्या प्राध्यापकांचे आणि ब्रिटनमध्ये एलएलएम-पीएचडी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचे तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. एसएलएस म्हणजे नक्की काय? ती वकिलांची संघटना आहे का?

नाही. इंग्लंड-वेल्समधल्या सॉलिसिटरांची 'लॉ सोसायटी' वेगळी आणि बॅरिस्टरांची बार कौन्सिल वेगळी. सोसायटी ऑफ लीगल स्कॉलर्स, थोडक्यात एसएलएस, ही कायदा शिकवणाऱ्या आणि त्यावर संशोधन करणाऱ्यांची संस्था आहे. कार्यक्षेत्र ब्रिटन आणि आयर्लंड, सदस्य सुमारे तीन हजार. एडवर्ड जेंक्स यांच्या पुढाकाराने ती १९०८ मध्ये सुरू झाली. पहिले अध्यक्ष ऑक्सफर्डचे रोमन कायद्याचे प्राध्यापक हेन्री गौडी. तेव्हा तिचं नाव 'सोसायटी ऑफ पब्लिक टीचर्स ऑफ लॉ' होतं, ते २००२ मध्ये बदललं. जुन्या पुस्तकांत 'एसपीटीएल' दिसलं तर ती हीच संस्था.

२. 'विषय-विभाग' म्हणजे काय? विद्यापीठातल्या डिपार्टमेंटसारखं काही?

डिपार्टमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विभागप्रमुख, शिपाई आणि कुलूप लावलेलं कपाट येतं. इथे त्यातलं काहीच नसतं. विषय-विभाग म्हणजे एका विषयात काम करणारे सदस्य, त्यांच्यातर्फे काम पाहणारा एक कन्व्हीनर (कधी दोघं मिळून पाहतात) आणि वार्षिक परिषदेतल्या ठरावीक बैठका. विभागाला ना कचेरी असते ना पगारी माणूस.

३. कोणकोणते विभाग आहेत?

करार, अपकृत्य, फौजदारी कायदा, कंपनी कायदा, कुटुंब कायदा, कर कायदा, पर्यावरण, बौद्धिक संपदा, आंतरराष्ट्रीय कायदा, तुलनात्मक कायदा, न्यायशास्त्र, कायद्याचा इतिहास, कायद्याचं शिक्षण, वैद्यकीय कायदा, सागरी कायदा, क्रीडा कायदा… यादी बरीच मोठी आहे आणि काळानुसार बदलतेही. कुणाच्या तरी जुन्या सीव्हीत पाहिलेलं नाव धरून बसू नका, त्या वर्षीच्या सूचनेतली यादीच खरी माना.

४. कन्व्हीनरच्या हातात नक्की काय असतं?

जवळजवळ सगळंच, आणि तेही बिनपगारी. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

कन्व्हीनर कुठल्या तरी विद्यापीठात पूर्णवेळ शिकवत असतो. त्याची लेक्चरं, पेपर तपासणी, पीएचडीची मुलं हे सगळं चालूच असतं. त्यात तो विभागातर्फे पेपर मागवतो, आलेले गोषवारे वाचतो, निवडतो, त्यांच्या जोड्या लावतो आणि प्रत्येक बैठकीला अध्यक्ष शोधतो. ऑगस्टमध्ये कुणी ऐनवेळी गळालं की वेळापत्रक पुन्हा मांडतो. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या गणेशोत्सवात ज्याच्या हातात वर्गणीची वही असते त्याची जी गत, तीच याची. मान असतो, पण तक्रारीही सगळ्या त्याच्याकडेच येतात.

त्याच्या वर संस्थेचा एक पदाधिकारी सगळ्या विषय-विभागांचा समन्वय पाहतो. पैसा, नियम आणि नव्या विभागाला मान्यता हे कार्यकारिणीचं आणि कौन्सिलचं काम. पण तुमचा पेपर घ्यायचा की नाही हे कन्व्हीनरच ठरवतो. तिथे निवड समिती बसते, गुण देते, मग यादी लागते, असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाका. टेबलावर गोषवाऱ्यांची चळत आणि समोर एक दमलेला माणूस, बहुधा संध्याकाळी. गोषवारा त्याच्यासाठी लिहायचा असतो (प्रश्न ७).

५. विभागाचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं का?

सदस्यत्व संस्थेचं असतं. आपल्याला कुठल्या विभागांत रस आहे ते आपण कळवायचं, एकाहून अधिक चालतात. विद्यार्थ्यांची वर्गणी कमी असते. सदस्यांना 'लीगल स्टडीज' हे संस्थेचं नियतकालिक मिळतं. पेपर वाचायचा तर परिषदेची नोंदणी आणि तिचं शुल्क हा वेगळा खर्च आहे. वर्गणी भरली म्हणजे परिषद फुकट, असा बऱ्याच जणांचा समज असतो.

६. परिषदेच्या सूचनेत 'ए गट' आणि 'बी गट' लिहिलंय, ते काय?

परिषद बहुधा सप्टेंबरच्या सुरुवातीला, मंगळवार ते शुक्रवार असते. २०२३ मध्ये ती ऑक्सफर्ड ब्रुक्सला झाली, २०२४ मध्ये ब्रिस्टलला, २०२५ मध्ये लीड्सला. सगळे विभाग एकाच वेळी बसवायला एवढ्या खोल्या आणि एवढे श्रोते आणायचे कुठून? म्हणून अर्धे विभाग पहिले दोन दिवस, उरलेले पुढचे दोन दिवस. प्रत्येक विभागाला साधारणपणे दीड-दीड तासाच्या चार बैठका मिळतात आणि प्रत्येक बैठकीत तीन किंवा थोडे जास्त पेपर होतात.

म्हणजे एका विभागात वर्षाला बारा-पंधरा जणांना जागा. हा हिशेब डोक्यात असला की नकार एवढा लागत नाही (प्रश्न ११).

बैठक कशी होते तेही सांगतो, कारण आपल्याकडच्या परिषदांची सवय असलेला माणूस तिथे बावरतो. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, 'मंचावर उपस्थित मान्यवर' नाहीत. वर्गाची साधी खोली, कधी तीस माणसं, कधी आठ. अध्यक्ष तुमचं नाव आणि विद्यापीठ एका वाक्यात सांगतो. वीसेक मिनिटं झाली की तो 'दोन मिनिटं' लिहिलेला कागद समोर धरतो, आणि त्या कागदाचा अर्थ खरोखर दोनच मिनिटं असतो. उरलेला वेळ प्रश्नांचा, आणि माणसं आलेली असतात ती त्या प्रश्नांसाठीच. त्या आठ जणांतल्या दोघांची पुस्तकं तुमच्या तळटीपांत असण्याची शक्यता बरीच. त्यामुळे रिकाम्या खुर्च्या मोजत बसू नका.

७. गोषवारा कसा लिहायचा? आमचे गोषवारे परत का येतात?

मर्यादा साधारण तीनशे शब्दांची असते. मुदत बहुतेक मार्चअखेरची, आणि तो ऑनलाइन प्रणालीतूनच द्यायचा. कन्व्हीनरला व्हॉट्सअॅपवर पाठवून उपयोग नाही.

गोषवारे परत येतात ते बहुधा इंग्रजीमुळे नाही, म्हणणंच नसल्यामुळे. एक उदाहरण घेऊ. विषय आहे बिल्डर दिवाळखोरीत गेला तर फ्लॅट घेणाऱ्याचं काय. नेहमी येणारा गोषवारा असा सुरू होतो: 'गृहनिर्माण हा भारतीय अर्थव्यवस्थेचा महत्त्वाचा घटक आहे. प्रस्तुत शोधनिबंधात गृहखरेदीदारांच्या हक्कांचा चिकित्सक आढावा घेतला आहे.' पहिलं वाक्य कुणीही नाकारणार नाही, आणि म्हणूनच ते फुकट गेलं. दुसऱ्यात आढावा 'घेतला आहे' हे कळतं, हाती काय लागलं ते कळत नाही.

आता हा पाहा: 'दिवाळखोरी संहितेत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि फ्लॅट घेणारा बँकेच्या बरोबरीने वित्तीय धनको ठरला. २०२० मध्ये अट आली: दिवाळखोरीचा अर्ज करायला त्याच प्रकल्पातले शंभर जण किंवा एकूण खरेदीदारांपैकी दहा टक्के हवेत, यांतला जो आकडा कमी असेल तो. सर्वोच्च न्यायालयाने पहिली दुरुस्ती २०१९ मध्ये आणि दुसरी २०२१ मध्ये वैध ठरवली. या दोन निकालांनंतर धनकोचा दर्जा आणि अर्जाचा हक्क एकमेकांपासून सुटे झाले आहेत, आणि हा प्रश्न केवळ भारताचा नाही, असं या पेपरचं म्हणणं आहे.' चार वाक्यांत कायदा, अडचण आणि भूमिका आली. शेवटचा तुकडा खास त्या कन्व्हीनरसाठी आहे: लीड्समधल्या श्रोत्याने हे का ऐकावं, याचं उत्तर.

'चिकित्सक अभ्यास', 'एक दृष्टिक्षेप' आणि 'समस्या व उपाय' ही तीन शीर्षकं कायमची सोडून दिली तरी निम्मं काम होतं.

८. भारतीय कायद्यावरचा पेपर घेतात का, की इंग्लिश कायदाच हवा?

घेतात. विभाग विषयावर उभे आहेत, देशावर नाहीत. मात्र श्रोत्याला आपल्याकडचा तपशील ठाऊक नसतो, हे धरून चाला. महारेरा, कलेक्टर, सात-बारा हे शब्द आपल्याला पाठ असतात, तिथे प्रत्येकाला अर्धं वाक्य द्यावं लागतं. उलट, इंग्लिश खटल्यांची रांग लावून पेपर 'त्यांच्यासाठी' बनवायला जाऊ नका. ते खटले त्यांना तुमच्यापेक्षा चांगले माहीत असतात.

९. माझा विषय दोन-तीन विभागांत बसतो. कुठे पाठवू?

ज्या विभागातल्या लोकांकडून तुम्हाला प्रश्न हवे आहेत तिथे. विषयाचं लेबल नंतर पाहा.

गोव्याचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने चालू राहिला. त्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. एवढ्यावर पेपर असेल तर तो कुटुंब कायद्यात जाईल. १८६७चा मजकूर लिस्बनहून पणजीत आला आणि इथे कसा रुजला, हे सांगायचं असेल तर कायद्याचा इतिहास. पोर्तुगालने तो कायदा पुढे बदलला आणि गोव्यात जुना राहिला, यावर भर असेल तर तुलनात्मक कायदा. आणि आयकर कायद्यातली तरतूद पाहा (१९६१च्या कायद्यात ती कलम ५ए होती). पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न करासाठी दोघांत समान वाटायचं, असं ती सांगते. त्यावर लिहिलंत तर कर कायद्याच्या विभागात तुमचा पेपर त्या वर्षीचा सगळ्यात वेगळा ठरेल. माझ्या मते चौघांत हाच विभाग सरस, कारण बाकीच्या तीन ठिकाणी 'समान नागरी कायदा' या शब्दांनी चर्चा लगेच राजकारणाकडे वळते.

खरोखरच ठरत नसेल तर कन्व्हीनरला तीन ओळींचं ईमेल करा. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' आणि अर्ध्या पानाचा परिचय गाळा. तो स्वतः दुसऱ्या कन्व्हीनरशी बोलून पेपर तिकडे सरकवू शकतो.

१०. मग एकच पेपर दोन्ही विभागांत टाकला तर? किंवा दोन वेगळे पेपर?

एकच गोषवारा दोन ठिकाणी टाकू नका, ते कळतंच आणि दोन्हीकडे नाव जातं. दोन वेगळे पेपर वाचण्याबाबत संस्था नाराजी दाखवते, कारण जास्तीत जास्त जणांना संधी मिळावी असा हेतू आहे. म्हणून अर्ज करतानाच विचारतात की तुम्ही आणखी कुठल्या विभागात अर्ज केलाय का. तिथे खरं लिहा.

पॅनेलची गोष्ट वेगळी. तीन-चार जणांनी मिळून एक सूत्र ठरवायचं, ते का महत्त्वाचं ते लिहायचं आणि प्रत्येकाचा गोषवारा जोडायचा. ज्यांची नावं घातली त्यांना आधी विचारलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे 'सरांचं नाव टाकून ठेवू, नंतर सांगू' ही पद्धत आहे, ती इथे अंगाशी येते.

११. पेपर नाकारला. कारण विचारावं का?

विचारायला हरकत नाही, पण सविस्तर उत्तराची अपेक्षा ठेवू नका. गोषवारे कमकुवत असल्यामुळे नकार येतात तसे जोडी न लागल्यामुळेही येतात. कन्व्हीनरला दीड तासाची बैठक बांधायची असते. डेटा संरक्षणावर दोन चांगले पेपर आले आणि तिसरा तुमचा असेल तर जमलं. तुमचा एकटाच भलत्या विषयावर असेल तर तो चांगला असूनही राहून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा, बिनधास्त.

१२. पीएचडीचा विद्यार्थी प्राध्यापकांच्या रांगेत बसून पेपर वाचू शकतो का?

हो, सूचनेत तसं प्रोत्साहनही असतं. बैठकीत 'विद्यार्थी सत्र' म्हणून वेगळं काढत नाहीत. एकाच बैठकीत दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि तीस वर्षं शिकवलेले प्राध्यापक असतात आणि दोघांनाही तेवढीच मिनिटं मिळतात. प्रश्न विचारणारे विद्यार्थ्याला सांभाळून घेतात, पण सोडत नाहीत. गाइडचं नाव सहलेखक म्हणून आपोआप घालायची तिथे रीत नाही. घातलंत तर गाइडच विचारतील, हे कशाला.

१३. निवड झाली म्हणजे पेपर छापून येणार ना? आयएसबीएन असलेलं पुस्तक निघतं का?

नाही. विभाग काही छापत नाही. परिषद ही कच्च्या पेपरवर चार जाणत्यांकडून टीका करून घ्यायची जागा आहे. तो पक्का झाला की नियतकालिकाकडे पाठवायचं काम तुमचं. संस्थेचं 'लीगल स्टडीज' १९८१ पासून निघतं (त्याआधीचं नियतकालिक १९२४ पासून होतं) आणि हल्ली केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस ते काढतं. तिथे लेखकाचं नाव झाकून परीक्षण होतं. परिषदेत वाचलाय म्हणून सवलत नाही, आणि कन्व्हीनरच्या शिफारशीचा तिथे उपयोग नाही.

पदोन्नतीच्या फाइलला आयएसबीएन हवा म्हणून परिषदेला जाणार असाल तर एवढा विमानखर्च करू नका. तसल्या परिषदा जवळच, आणि स्वस्तात मिळतात.

१४. 'बेस्ट पेपर' पुरस्कारासाठी काय लागतं?

गोषवारा नव्हे, पूर्ण पेपर, आणि तो परिषदेआधी दिलेल्या मुदतीत अपलोड केलेला. शब्दमर्यादा तळटीपांसह बारा हजार. पेपर आधी कुठे प्रसिद्ध झालेला किंवा स्वीकारला गेलेला नसावा आणि वाचणारा वर्गणी भरलेला सदस्य असावा. इथेच लोक अडकतात: पेपर चांगला असतो, पण जूनमध्येच तो कुठल्या तरी नियतकालिकाने घेतलेला असतो. मग वाचता येतो, स्पर्धेत उतरत नाही. कायद्याचे प्राध्यापक पीटर बर्क्स यांच्या नावाचं पारितोषिक वेगळं, ते पुस्तकांना देतात. दोन्हींची गल्लत करू नका.

१५. व्हिसा, निमंत्रणपत्र, प्रमाणपत्र?

परिषदेसाठी ब्रिटनचा नेहमीचा अभ्यागत व्हिसा पुरतो. निवडीचं ईमेल आणि नोंदणीची पावती ही मुख्य कागदपत्रं. पत्र लागलं तर परिषदेच्या आयोजकांकडे मागा, कन्व्हीनरकडे नाही. विद्यापीठाला दाखवायला प्रमाणपत्र हवं असेल तर तेही आधीच मागून ठेवा. निरोपाच्या वेळी रांगेत उभं करून ते कुणी हातात देत नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी आपला विभाग कुठल्या गटात आहे ते पाहा (प्रश्न ६). बी गटात पेपर असलेली माणसं बुधवारी संध्याकाळी परतीच्या विमानात बसलेली बरी नव्हेत.

१६. ऑनलाइन वाचता येईल का?

२०२० ची एक्सेटरची परिषद कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन झाली, तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. त्या-त्या वर्षीच्या सूचनेत सोय दिली असेल तरच. नसेल तर 'माझ्यासाठी एक झूम लिंक' मागू नका. खोलीतली यंत्रणा सांभाळायला कन्व्हीनरखेरीज कुणी नसतं.

१७. परिषद सोडून वर्षभर विभाग काय करतात?

हे कन्व्हीनरवर अवलंबून. काही विभाग एखादं चर्चासत्र घेतात, त्यासाठी संस्थेच्या निधीकडे अर्ज करता येतो. सरकारने किंवा लॉ कमिशनने कायदा-सुधारणेवर मतं मागवली की संस्थेतर्फे उत्तर जातं, त्यात विषयातल्या माणसांचा हात असतो. काही विभाग सप्टेंबर ते सप्टेंबर झोपलेले असतात. त्याला नियमबाह्य म्हणता येत नाही.

१८. एसएलएसए आणि अमेरिकेची एएएलएस यांचंही असंच आहे का?

नावं सारखी वाटतात म्हणून अर्ज भलतीकडे जातात. एसएलएसए (सोशिओ-लीगल स्टडीज असोसिएशन) ही समाज आणि कायदा यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांची ब्रिटनमधलीच वेगळी संघटना, स्थापना १९९०. तिची परिषद ईस्टरच्या आसपास असते. तिथे कायमचे 'स्ट्रीम' (विषयगट) असतात आणि त्यांच्या जोडीला 'चालू विषय' म्हणून तात्पुरते गटही काढता येतात. नव्या विषयासाठी ही व्यवस्था एसएलएसपेक्षा लवचीक आहे, हे मान्य करायला हवं. क्षेत्रात जाऊन मुलाखती घेऊन काम केलं असेल तर मी आधी तिकडेच पाठवीन.

एएएलएसची (असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्स) स्थापना १९०० मधली. तिथे सदस्य असतात ते लॉ स्कूल, व्यक्ती नव्हेत. विभाग शंभराहून अधिक, प्रत्येकाला अध्यक्ष आणि पुढच्या वर्षीचा नियोजित अध्यक्ष, परिषद जानेवारीत. पसारा मोठा, त्यामुळे एका माणसाच्या हाती सगळं अशी तिथली स्थिती नाही.

१९. कन्व्हीनर स्वतःच्याच विभागात पेपर वाचतो, हे चालतं?

चालतं, आणि कधी कधी रिकामी जागा भरायला त्याला वाचावाच लागतो. स्वतःच्या विद्यापीठातल्यांनी सगळ्या बैठका भरल्या तर मात्र कुजबुज होते. तक्रार असेल तर ती विषय-विभागांचं काम पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे न्यावी.

२०. नवा विभाग काढता येतो का? मी भारतातून कन्व्हीनर होऊ शकेन का?

नव्या विभागाचा प्रस्ताव संस्थेकडे द्यावा लागतो. 'विषय महत्त्वाचा आहे' एवढं पुरत नाही, दर वर्षी चार बैठका भरतील एवढी माणसं दाखवावी लागतात. म्हणून बहुतेक नवे विषय आधी जुन्या विभागात एखादी बैठक मिळवून पाहतात. कन्व्हीनरची जागा मोकळी झाली की सदस्यांकडून अर्ज मागवतात. आधी दोन-तीन परिषदांना येऊन इतरांच्या बैठकांचं अध्यक्षपद सांभाळलेलं असलं की नाव पुढे येतं. दर सप्टेंबरला तिथे हजर राहणं जमणार नसेल, तर अर्ज न केलेला बरा.

२१. नाव छापून आलं आणि आता जाता येत नाही. काय करू?

त्याच दिवशी कन्व्हीनरला कळवा, परिषदेच्या आदल्या रात्री नको. सहलेखक असेल तर तो वाचू शकतो, मित्राला पाठवून पेपर 'वाचून दाखवणं' चालत नाही. शुल्क परत मिळण्याची मुदत नोंदणीच्या अटींत दिलेली असते. आणि न वाचलेला पेपर सीव्हीत 'सादर केला' म्हणून लिहू नका. कार्यक्रमपत्रिका इंटरनेटवर राहतात आणि त्या बैठकीत हजर असलेला एखादा तुमच्या मुलाखतीला समोर बसलेला असू शकतो.